आईच्या नावावर माझा गुडघा

प्रयोगवहीतली खोटी रीडिंगं ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या शाळेत दुसरा कोणी नाही. पोरांनी लोलक एकदाही हलवलेला नसतो आणि वहीत आकडे मात्र एकाखाली एक शहाण्यासारखे बसलेले असतात. खरं मोजमाप असं नसतं. ते कधी थोडं मागं येतं, कधी उगीच पुढं जातं. अशी वही दिसली की मी लाल पेननं पानभर फुली मारतो आणि वर्गासमोर दोन शब्द सुनावतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते मला शोभणारं नाही.

आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहतो. आई, मी आणि बायको. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं मूळ गाव धुळ्याकडचं, त्यामुळे आई अजून घरात खान्देशीच बोलते, मलाही भाऊ म्हणूनच हाक मारते. तिचे दोन्ही गुडघे झिजून पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते, त्यातला उजवा फारच. समोरच्या खोलीतल्या पलंगापासून मागच्या संडासापर्यंत जायला तिला कोणाचा तरी हात लागायचा. मी शाळेत आणि बायको तिच्या अंगणवाडीत गेली की दुपारभर घरात हात नाही. मग आईनं यावर आपला उपाय शोधला. तिनं पाणी पिणं बंद केलं. सकाळी अर्धा पेला, संध्याकाळी आम्ही आल्यावर एक. उन्हाळ्यात तिला चक्कर आली, सलाईन लावावी लागली, तेव्हा हे आम्हाला कळलं. बायको तिच्यावर चिडली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्यानंतर मी तिला घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो. जळगावातच. नुकताच तिथं रोबोट आला होता. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, शांत बोलणारा. त्यानं आईच्या पायाचा सीटी स्कॅन काढला आणि चार दिवसांनी स्क्रीनवर आम्हाला आईचा गुडघा दाखवला. हाडाचा अख्खा नकाशा, हवा तसा फिरवता येणारा. कुठं किती कापायचं, नवा सांधा कोणत्या कोनात बसवायचा, हे सगळं संगणकानं मांडलेलं. डॉक्टर म्हणाला, "रोबोट आपोआप काही करत नाही. हात माझाच असतो. पण ठरलेल्या रेषेच्या बाहेर जायला लागलो तर तो मला थांबवतो." मी विज्ञानाचा माणूस, मला भरून आलं. मी चार प्रश्न जास्तच विचारले.

आईनं एकच विचारलं. पदर सारखा करून ती म्हणाली, "साहेब, माले काही डोंगर चढना नई. कोनाबी हात न धरता संडासले जाता येवाले जोयजे. व्हई का तेवढं?"

डॉक्टर हसला नाही. तो म्हणाला, "होईल आजी. पण अर्धं काम माझं, अर्धं तुमचं. घरी गेल्यावर व्यायाम चुकवायचा नाही."

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली. पाचव्या दिवशी घरी आलो. हॉस्पिटलनं माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं आणि सोबत एक पट्टा. पट्ट्याचा एक भाग मांडीवर बांधायचा, एक पिंढरीवर. व्यायाम करताना गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो, हे तो मोजायचा आणि हॉस्पिटलला कळवायचा. ते आकडे बघून एआय ठरवणार, पेशंटला घरी फिजिओथेरपी किती दिवस लागेल. सुरुवातीला रोज एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येणार होती. ती मुलगी आमच्याच शाळेतून शिकून गेलेली, म्हणून मला सर म्हणायची. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "सर, गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. आईंना बरं वाटेल, त्या मागतील, तरी नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आणि गुडघा खाली दाबायचा. पाय सरळ व्हायला हे पहिले काही आठवडेच असतात."

पहिले दोन दिवस सगळं नीट चाललं. बायकोनं आईला गाऊन घातला होता. आई कण्हत, दात-ओठ खात गुडघा दाबायची, पट्टा मोजायचा आणि ॲपमधली बाई म्हणायची, "शाब्बास, आजचं उद्दिष्ट पूर्ण झालं." आईला ते फार आवडायचं. ती बाई कोण, लग्न झालंय का तिचं, असं तिनं मला विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी आबा आले.

आबा म्हणजे माझे मोठे काका, वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा आमच्या पाठीशी उभे राहिले ते एकटे आबाच. बॅगेत कपडे भरून, केळीची फणी घेऊन, धुळ्याकडून बस बदलत आले. त्यांचे स्वतःचे गुडघे आईसारखेच गेलेले. काठी टेकत आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "तुनी माय बरी होस तोवर मी आठेच शे." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मलाही बरं वाटलं.

आबा दिसताच आईनं बायकोला हाक मारली आणि गाऊनवरून लुगडं गुंडाळायला लावलं. सासरी आल्यापासून आई आबांसमोर कधी खाटेवर बसली नव्हती. ते आले की ती खाली बसायची, पदर कपाळापर्यंत. दोघं एकमेकांशी थेट बोलायचेही नाहीत. आबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "तिले सांग," आणि आई मला म्हणायची, "आबाले सांग." आता खाली बसणं शक्य नव्हतं. पलंग असा होता की आईचे पाय बरोबर आबांच्या खुर्चीकडे व्हायचे. जेठाकडे, थोरल्या दिराकडे, पाय पसरून झोपायचं? आईनं चादर ओढून घेतली आणि पाय जवळ घेतला. ऑपरेशनचा गुडघा असा हवेत वाकवून धरणं सोपं नव्हतं. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि हळूच म्हणाली, "आठे उशी ठेव. बरं वाटस."

मी ठेवली. गुडघ्याखाली. मला त्या फिजिओथेरपिस्ट मुलीचं बोलणं आठवत होतं. पण आबा आहेत तोवर, दोन-चार दिवस, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली. तिनं चादर बाजूला केली, उशी काढली आणि माझ्याकडे बघितलं. तिनं आईचा पाय धरून गुडघा दाबला तेव्हा आई ओरडली. आबा काठी टेकत उठले. "ओ ताई, जीव लेशात का तिना? कालदिन ते आपरेशन व्हयनं!" मुलगी समजावत होती. आई तोंडात पदर कोंबून भिंतीकडे बघत होती. तिला दुखत होतं हे खरं, पण तिला जास्त काय झालं होतं ते मला कळत होतं. जेठासमोर मांडीपर्यंत पाय उघडा पडला होता. मी मुलीला दाराबाहेर नेलं आणि म्हणालो, "आज राहू दे, दोन-चार दिवस येऊ नकोस. घरात मोठी माणसं आहेत. मी करून घेईन संध्याकाळी." ती म्हणाली, "सर, नक्की?" मी म्हणालो, "अगं, मला शिकवतेस का?"

संध्याकाळी केलं नाही. आबा खुर्चीतच होते. शिवाय भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. गल्लीतले, शाळेतले, गावाकडचे. बिस्किटांचे पुडे, केळी, मोसंबी. प्रत्येकाला रोबोटचं ऐकायचं होतं आणि मी सांगत होतो. मोबाईलवर फोटो दाखवायचो, आधीचा वाकडा पाय, नंतरचा सरळ पाय. अर्धा अंशही इकडचा तिकडं नाही, असं म्हणायचो. मागं चादरीखाली आई उशीवर गुडघा वाकवून पडलेली असायची. येणारा प्रत्येक जण जाताना तिला सांगायचा, आराम करा, उठू नका. आबा मान डोलवायचे.

रात्रीच्या जेवणाआधी मोबाईल वाजला. ॲपवर लाल खूण. आजचा व्यायाम झालेला नाही. दुसऱ्या दिवशीही लाल. मग हॉस्पिटलमधून फोन, मुलगी परत पाठवू का? आबांसमोर पुन्हा तो तमाशा मला नको होता. मी म्हणालो, "नको, आठवडाभर आम्हीच करतो, पट्टा बांधायचा तेवढा राहिला." आणि फोन ठेवून पट्टा घेऊन गच्चीवर गेलो.

पाण्याच्या टाकीला टेकून बसलो आणि पट्टा माझ्या पायाला बांधला. गुडघा वाकवला, सरळ केला. वीस वेळा. खालच्या गल्लीत स्कूटर जात होत्या. ॲपमधली बाई म्हणाली, "शाब्बास." लाल खूण हिरवी झाली.

एक दिवस, दोन दिवस, असं म्हणत मी रोज गच्चीवर जाऊ लागलो. आणि इथं माझं सव्वीस वर्षांचं शिक्षण कामाला आलं. पोरं पकडली जातात ती आकडे सरळ चढवल्यामुळे, हे मला माहीत होतं. मी तसं केलं नाही. रोज थोडा थोडा जास्त वाकवायचो, पण मध्येच एखाद्या दिवशी मुद्दाम कमी. दोनदा तर मधेच थांबलो, आई थकली असती तसा. तिला सरळ करायला जड गेलं असतं म्हणून सुरुवातीला माझा पायही पूर्ण सरळ केला नाही. इतकी काळजी मी तिच्या खऱ्या पायाची घेतली असती तर!

आठवड्यानं ॲपवर निरोप आला. आपली प्रगती अपेक्षेपेक्षा चांगली आहे. घरभेटींची गरज नाही, फोनवर चौकशी पुरेशी आहे. यंत्रानं आलेख वाचला आणि विश्वास ठेवला. मी असतो तर मीही ठेवला असता, एवढा तो आलेख खरा दिसत होता.

एकदा बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली आणि तिनं मला पट्ट्यासह पाहिलं. दोरीवरचा एक टॉवेल काढून खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "हे काय चाललंय?"

"आबा जाईपर्यंत."

"आबांना दुपारी एक तास आतल्या खोलीत बसा म्हणा ना."

"आबांना मी सांगू? माझ्या घरात आलेत ते, आणि मी त्यांना उठा म्हणू?"

"मग मी सांगते."

"तू मुळीच सांगायचं नाहीस," मी म्हणालो. ती कपडे घेऊन खाली गेली. आज मला वाटतं, आबांना सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पलंग फिरवला असता तरी चाललं असतं. डोकं दाराकडे, पाय भिंतीकडे. पाच मिनिटांचं काम होतं आणि ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

टाके काढायला हॉस्पिटलची सिस्टर घरी आली. जखम सुंदर भरलीय म्हणाली आणि गेली. आबा तीन आठवडे राहिले. जाताना मला म्हणाले, "तिले सांग, पुढला महिनामा मी बी करी लेस माना गुडघा." ते रिक्षात बसले. मी लगेच आत येऊन आईची चादर काढली, उशी काढली आणि म्हणालो, "चल, आता करू."

पाय सरळ होईना. मी टाचेखाली टॉवेल ठेवला, गुडघ्यावर हात ठेवून दाबलं. पलंग आणि गुडघा यांच्यात माझी मूठ जाईल एवढी जागा, ती कमीच होईना. आई किंचाळली तसा मी हात काढला. म्हणालो, "होईल हळूहळू." तेव्हाच त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला फोन करायला हवा होता. पण खरा पट्टा बांधला असता तर ॲपवरचा आलेख एका दिवसात धाडकन खाली आला असता आणि मला विचारलं असतं, काय झालं? सव्वीस वर्षं पोरांना मी हेच विचारत आलोय. मला उत्तर द्यायला तोंड नव्हतं. मी घरी आईचा पाय जमेल तसा दाबत राहिलो आणि गच्चीवर माझा वाकवत राहिलो.

सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो. डॉक्टरनं आधी आलेख बघितला. खूश होता. एक्सरेही बघितला, म्हणाला, "सांधा अगदी ठरवला तसाच बसलाय." मग आईला टेबलावर झोपवलं आणि पाय सरळ करायला सांगितला. आईनं केला तेवढा केला. डॉक्टरनं हातानं दाबून पाहिलं. पुन्हा आलेख बघितला. पुन्हा पाय. मग तो माझ्याकडे वळला.

"सर, पट्टा रोज आईंनाच बांधत होता ना?"

आई टेबलावरून माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की काहीतरी बिघडलंय आणि मुलगा सांभाळून घेईल.

"हो," मी म्हणालो.

डॉक्टरनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. सेन्सर खराब निघाला असेल, आम्ही एकदा प्रत्यक्ष बघायला हवं होतं, असं तो म्हणाला. त्यानं माझ्या आईची माफी मागितली. माझ्यासमोर, हात जोडून. मी ती मागू दिली. ज्या मुलीला मी दारातून परत पाठवलं होतं ती कोपऱ्यात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. प्रयोगवही हातात घेतल्यावर मी पोरांकडे बघतो तसं. ती काही बोलली नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढं भूल देऊन गुडघा मोकळा करून पाहिला. वाकायला थोडा सुटला, सरळ मात्र झाला नाही. आणखी एक मोठं ऑपरेशन करून बघता येईल, खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. आई नको म्हणाली. आता तो पाय कायम वाकलेला असतो, टाच टेकत नाही. डावा गुडघा आधीच गेलेला, त्यावर सगळा भार येतो. वॉकर एका हातात धरला तरी दुसरा हात कोणाचा तरी लागतोच. ऑपरेशनच्या आधी ती भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत तरी यायची. आता तेही गेलं.

भेटायला येणारे अजून येतात. आई त्यांना सांगते, "मशीननी फसाडं माले." मी तिथंच बसलेला असतो. लोक माझ्याकडे बघतात, मी मान खाली घालतो, आणि त्यांना वाटतं मुलाला किती वाईट वाटतंय. आमच्या गावाकडे आता कोणी त्या डॉक्टरचं नाव काढत नाही. आबांनी गुडघ्याचा विचार सोडून दिला. फोनवर म्हणाले, "तुन्या मायनं काय व्हयनं ते दखं मी. माले ते मशीन नको." चार महिन्यांपूर्वी ते घरातच पडले. आता त्यांनाही धरून न्यावं लागतं. ज्या माणसानं मला वाढवलं त्याला मी एक वाक्य सांगू शकलो असतो. फोन कानाला होता, वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी विचारलं, "आबा, पाऊसपाणी कसं आहे?"

शाळेत मी अजून प्रयोगवह्या तपासतो. फुली मारणं बंद केलंय. खोटी रीडिंगं दिसतात, खाली सही करतो आणि पुढची वही घेतो. पोरांना वाटतं सर आता निवळले.

आईनं पुन्हा पाणी कमी केलंय. सकाळी शाळेला निघण्याआधी मी तिला मागं घेऊन जातो. रोज ठरवतो, आज सांगायचं. पलंगापासून सतरा पावलं, मध्ये एक पायरी, तेवढ्यात सांगून होईल. काल पायरीपाशी ती थांबली, धाप लागली होती. माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "तू शेस म्हनीसन जास मी. नई ते मनं काय व्हतं भाऊ?"

मी म्हणालो, "पाय उचल आई, पायरी आहे." तिला आत सोडलं, दार ओढून घेतलं आणि ती हाक मारेपर्यंत बाहेर उभा राहिलो.